साहेबाच्या देशातला खाऊ

परदेशी अन्नाची पहिली चव आमच्या घराला १९७२च्या दुष्काळात लागली. अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. आज्जी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलोची भाकरी थापताना मोडायची, तव्यावर काळपट पडायची आणि पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरायची नाही, असं ती सांगायची. लेकरांना वर सुकडी मिळायची. बाहेरदेशचं खाणं म्हटलं, की आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं हीच आठवण निघायची.

त्याच आज्जीची आम्ही नातवंडं साधारण एका दशकाच्या आत एकामागून एक इंग्लंडला पोचलो. थोरला चुलतभाऊ दादा बर्मिंगहॅमला, संगणकाच्या नोकरीत. आतेबहीण आक्का स्टोक-ऑन-ट्रेंटला, नर्स म्हणून. मी लग्नानंतर यॉर्कशरमध्ये, वेकफील्डला. आणि सगळ्यांत धाकटा बापू लंडनला, शिकायला. पुढं जे लिहिते आहे ते चौघांच्या आठवणीतलं आहे. फोनवरच्या गप्पांतून, सुट्टीत एकमेकांकडे टाकलेल्या मुक्कामांतून ते गोळा होत गेलं.

आमचं गाव वाशी, बालाघाटाच्या पठारावर. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळं शेतीला म्हशीची जोड. पण दूध काढलं तरी ते शहरात पोचेपर्यंत टिकायचं कसं? म्हणून ते आटवायचं. भूम-वाशीच्या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या वाढल्या त्या ह्या गरजेतून. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबवून पेढे घेतल्याशिवाय लोक पुढं जात नाहीत. आम्ही लहान होतो तेव्हा ह्यातलं कौतुक कुणाला नव्हतं. पहाटे काका भट्टी पेटवायचे, आणि कढईच्या कडेला धरलेली खरवड खायला आम्ही पोरं शाळेआधी हजर व्हायचो.

साहेबाच्या देशातला खाऊ आम्हाला तेव्हाही माहीत होता, फक्त तो तिकडचा आहे हे माहीत नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं किंवा बाळंतीण असली, की मारी बिस्किटाचा पुडा यायचा. ते बिस्किट १८७४ मध्ये लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं एका राजघराण्यातल्या लग्नानिमित्त काढलं होतं, हे कळायला आम्हाला तिथंच जावं लागलं. एसटी स्टँडवरच्या टपरीत रावळगावच्या गोळ्या मिळायच्या. वाडीलाल, क्वालिटी वगैरे आइस्क्रीम वाशीपर्यंत फारसं पोचायचं नाही. त्याऐवजी काकूनं फ्रीज आल्यावर कस्टर्ड करायला घेतलं. पुण्याच्या विकफिल्डचा डबा बार्शीहून आणायचा, दुधात शिजवायचा, गार झाल्यावर केळी आणि डाळिंबाचे दाणे घालायचे. पाहुण्यांसमोर काचेच्या वाटीत पिवळंधमक कस्टर्ड ठेवलं, की काकूच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते पुरणपोळी वाढतानाही दिसायचं नाही. साहेब लोक रोज असंच काहीतरी नाजूक, चमच्यानं खायचं खात असतील, अशी आमची समजूत होती.

तिथं गेल्यावर जे आमच्या जिभेला खरोखर लागलं, आवडलं आणि घरचं झालं, ते बहुतेक सगळं खाणमजुरांचं, गिरणी कामगारांचं, कुंभारकाम करणाऱ्यांचं आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांचं निघालं. आमच्या पिढीच्या ह्या खाद्ययात्रेतून मला सांगायचं आहे ते एवढंच.

सुरुवात आक्काकडून झाली. रात्रपाळी संपवून निघताना वॉर्डातल्या एका सहकारी बाईंनी तिच्या हातात कागदात गुंडाळलेली गरम चळत दिली आणि घरी जाऊन चीज घालून खा म्हणाल्या. आक्कानं घरी येऊन कागद उघडला आणि तिथूनच मला फोन केला, "अगं, हे धिरडं आहे!" स्टॅफर्डशर ओटकेक म्हणतात त्याला. ओटचं पीठ, थोडी कणीक, यीस्ट आणि कोमट पाणी किंवा दूध. पीठ सरसरीत भिजवून तासभर झाकून ठेवायचं, बुडबुडे आले की सपाट तव्यावर पळीनं ओतायचं. ताटाएवढं, तपकिरी, वरून जाळी पडलेलं आणि हातात धरलं तर लवचीक. स्टोक म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. भट्ट्यांवर काम करणाऱ्यांना घाईत, स्वस्तात आणि पोटभर मिळेल असं हे खाणं. पूर्वी घराच्या पुढच्या खिडकीतून बायका ओटकेक विकायच्या. तशी विक्री करणारं हॅन्लेमधलं शेवटचं दुकान, 'होल इन द वॉल', २०१२ मध्ये बंद झालं, तेव्हा आक्का तिथल्या रांगेत उभी राहून आली होती.

ओट हे थंड, ओल्या, हलक्या जमिनीचं धान्य. जिथं गहू नीट येत नाही तिथं ते येतं. आमच्याकडे कमी पाण्यावर ज्वारी येते म्हणून आम्ही ज्वारीचे. तसे उत्तर इंग्लंडचे आणि स्कॉटलंडचे डोंगराळ लोक ओटचे. आक्का अजूनही ओटकेकला आतून हिरव्या मिरचीचा ठेचा लावते, वर चीज किसून घालते आणि गुंडाळी करून डब्याला नेते. तिच्या वॉर्डात आता चार जणी ठेचा मागतात.

ह्याच स्टॅफर्डशरमध्ये दादाला एक गोष्ट सापडली आणि ती सांगताना त्याचा आवाज आजही चढतो. आमच्या आजोबांच्या तरुणपणी वाशीकडच्या माणसाला आगगाडी म्हणजे बार्शी लाईट. कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढं लातूरपर्यंत गेली. ती उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हाच कॅलथ्रॉप मायदेशी परतला आणि स्टॅफर्डशरच्या डोंगरात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रुळांची गाडी उभी करण्याच्या कामात होता. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिच्या एका इंजिनाला त्याचंच नाव होतं. बार्शीच्या रुळांवर जे शिकला ते त्यानं तिकडं वापरलं. ह्या गाडीचा मुख्य माल कोणता, तर दूध! खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं दूध ती बाहेर न्यायची. वाटेवरच्या एक्टनची डेअरी बंद पडली आणि गाडीचाही जीव गेला. १९३४ मध्ये ती थांबली. आता त्या मार्गावर पायवाट आणि सायकलचा रस्ता आहे. आम्ही चौघं सहकुटुंब त्या वाटेवर चाललो. पिशवीत ओटकेक, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती. वाटेत बसून खाताना दादा पोरांना सांगत होता, की तुमचे पणजोबा ज्या गाडीतून बार्शीच्या बाजाराला जायचे, तिची ही धाकटी बहीण.

माझ्या वाट्याला यॉर्कशर आलं आणि शेजारच्या आजी आल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, मूळच्या जवळच्याच पॉन्टिफ्रॅक्टच्या. हे गाव जेष्ठमधाचं. तिथल्या मातीत जेष्ठमध खोलवर मुळं धरायचं. १७६० मध्ये जॉर्ज डनहिल नावाच्या औषधवाल्यानं त्यात साखर घालून गोळ्या केल्या आणि औषधाचा खाऊ झाला. काळ्या, चकाकत्या, नाण्याएवढ्या वड्या, वर किल्ल्याचा शिक्का. आजींच्या आई ह्या वड्यांच्या कारखान्यात हातानं शिक्के मारायच्या. पहिल्यांदा वडी तोंडात टाकली आणि मला खोकल्याच्या काढ्याची आठवण झाली. दुसरी मी मागून घेतली. माझ्या नवऱ्याला आजही ती चालत नाही, त्याच्या वाटणीच्या मी खाते.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरच्या पाच तारखेला आजी ओट्यावर एक पत्र्याचा डबा ठेवून गेल्या. आत चौकोनी, गडद तपकिरी तुकडे. पार्किन. त्या रात्री इंग्लंडभर शेकोट्या आणि फटाके असतात, १६०५ मध्ये संसद उडवण्याचा कट फसला त्याची आठवण म्हणून. दिवाळी नुकतीच झाली होती आणि आमच्या तालुक्यातल्या तेरखेड्याच्या फटाक्यांचा आवाज मला ऐकू येत नव्हता, ह्या विचारानं मी खिन्न होते. बाहेर धडाड्‌धूम सुरू झालं आणि हातात पार्किन. सुंठ, ओट, लोणी आणि काळं ट्रीकल. ट्रीकल म्हणजे साखर करताना मागं राहणारी दाट काळी काकवी. साखर परवडत नसे त्यांची गोडी. तिच्यात किंचित कडवटपणा असतो आणि तोच पार्किनला शोभतो. ताजं असताना ते कोरडं लागतं. डब्यात बंद करून चार-पाच दिवस ठेवलं की ओलसर, चिकट होतं आणि तेव्हाच ते खायचं, हा आजींचा कडक नियम. डबा उघडला की आधी सुंठेचा वास येतो, मग चालत्या गुऱ्हाळासारखा खमंगपणा. बोटाला चिकटलेला चुरा चाटल्याशिवाय राहवत नाही.

आजींनी मला पार्किन शिकवलं आणि शिकवता शिकवता त्यांचं लहानपण सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जुलै १९४२ पासून ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटवर रेशन होतं. चार आठवड्यांना माणशी साधारण साडेतीनशे ग्रॅम. युद्ध संपलं तरी रेशन संपलं नाही. १९४९च्या एप्रिलमध्ये उठवून पाहिलं, तर दुकानं रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा लावावं लागलं. शेवटी ५ फेब्रुवारी १९५३ रोजी ते कायमचं उठलं. आजी तेव्हा शाळकरी होत्या. शाळा सुटल्यावर पोरं साठवलेली नाणी घेऊन दुकानाकडे पळाली. आजींनी जेष्ठमधाची लांब वादी घेतली आणि घरी जाईपर्यंत ती तोंडात टाकली नाही, कारण धाकट्या भावाला निम्मी द्यायची होती. हे सांगताना त्यांनी बोटांनी लांबी दाखवली.

आई पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मी दोघींना समोरासमोर बसवलं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. मी मधे. आजींनी रेशनची गोष्ट सांगितली, मी आईला सांगितली. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं मिलोची गोष्ट सांगितली. सासूबरोबर खडी फोडायला तीही जायची. आजींनी ऐकलं आणि उठून आईच्या बशीत क्रंबलचा आणखी एक चमचा वाढला. आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, लई ग्वाड झालंय. मला अजून वाढलं तरी चालंल."

ते रुबार्बचं क्रंबल होतं. वेकफील्ड, मोर्ली आणि रॉथवेल ह्या तीन गावांमधला पट्टा म्हणजे रुबार्बचा त्रिकोण. हिवाळ्यात रुबार्बचे कंद अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये ठेवतात. उजेड नसल्यामुळं दांडे कोवळे, गुलाबी आणि लांब वाढतात. काढणीही मेणबत्तीच्या उजेडात, कारण जास्त प्रकाश लागला की दांडा निबर होतो. २०१० मध्ये ह्या रुबार्बला युरोपातलं मानांकन मिळालं. पानं विषारी, ती खायची नाहीत; फक्त दांडे. ते आंबट असतात. खालच्या थराला दांड्यांचे तुकडे आणि साखर, वर पीठ-लोणी-साखरेचा चुरा, आणि भट्टीत भाजायचं. युद्धाच्या काळात पारीला लागणारं लोणी-पीठ वाचवायला क्रंबल घरोघर रुजलं, असं आजी सांगायच्या.

आईनं दुसऱ्या दिवशी बाजारातून रुबार्बची जुडी आणायला लावली. तिला त्या आंबटपणात अंबाडी दिसली होती. तिनं तुरीची डाळ शिजवली, ज्वारीच्या कण्या घातल्या (पीठ आणि कण्या ती वाशीहूनच घेऊन आली होती), त्यात रुबार्बचे बारीक तुकडे शिजवले आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी दिली. आजींनी ती भाजी भाकरीबरोबर खाल्ली. त्यांनी आयुष्यभर रुबार्ब साखरेबरोबरच खाल्लं होतं. त्यानंतर दर फेब्रुवारीत त्या जुडी आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "तुझ्या आईचं ते डाळीचं करशील का?"

आईला घेऊन आम्ही यॉर्कला गेलो तेव्हा जुन्या गल्लीतल्या एका दुकानात फज करत होते. साखर, लोणी आणि साय तांब्याच्या भांड्यात ११५ अंशांपर्यंत तापवायचं आणि संगमरवरी ओट्यावर ओतायचं. मग एक मुलगा लाकडी फावड्यानं कडेचं उचलून मधे, कडेचं उचलून मधे, असं घालत राहतो. आधी चकचकीत पाक असतो. हळूहळू त्याची चकाकी जाते, घट्टपणा येतो आणि लांबट वडी उभी राहते. लोक काचेबाहेर उभे राहून बघत होते. आई मात्र आत शिरली आणि त्या मुलाच्या मनगटाकडे टक लावून पाहू लागली. आयुष्यभर तिनं काकांच्या भट्टीवर मदत केलेली. तिच्या लक्षात आलं ते असं: "ह्यानं साखर आधीच शिजवलीय. आपण दूध आटवतो, साखर मागनं. म्हणून ह्याला साखरेची गोडी हाय, आपल्या पेढ्याला दुधाची." मिठाईच्या पुस्तकांत चार पानं लागतील ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्या मुलानं तिला एक गरम तुकडा दिला. आईनं पिशवीतून सरमकुंडीच्या पेढ्याचा पुडा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. तो पुडा तिनं माझ्या सासरच्या लोकांसाठी आणला होता.

तात्या, म्हणजे दादाचे वडील, माळकरी. मांस, मासे, अंडं वर्ज्य. त्यामुळं तिकडचा खाऊ खायचा तर आधी पाकीट वाचावं लागायचं. रंगीत चघळगोळ्यांत जिलेटिन, नाताळच्या मिन्स पायमध्ये कधी जनावराची चरबी, केकमध्ये अंडं. बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचण्यात आमची अख्खी पिढी तरबेज झाली. जनावराच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य सूट मिळतं, शाकाहारी मिन्स पाय मिळतात, हे हळूहळू कळत गेलं. पण तात्यांच्या आवडीचं निघालं ते कस्टर्ड, आणि त्यामागं एक प्रेमाची गोष्ट आहे. बर्मिंगहॅममध्ये १८३७ साली आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, आणि कस्टर्ड तर अंड्याचंच. म्हणून त्यानं कॉर्नफ्लोअरपासून बिनअंड्याची पूड तयार केली. पाहुण्यांना ती इतकी आवडली, की तिचा धंदा झाला. त्यांचा डिगबेथमधला जुना कारखाना आता कलाकारांच्या कामाच्या जागांसाठी वापरतात. दादानं तात्यांना तिथं नेलं. काकूच्या काचेच्या वाटीतलं पिवळं कस्टर्ड एका नवऱ्यानं बायकोसाठी शोधलेलं होतं, हे ऐकून तात्यांनी वाशीला काकूला फोन लावायला सांगितला आणि तिथं उभं राहूनच तिला ते सांगितलं.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला बोर्नव्हिल. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये कारखाना शहराच्या धुरातून बाहेर काढून तिथं नेला आणि पुढं कामगारांसाठी बागांची घरं उभी राहिली. कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचं, दारूच्या विरोधात. कोको हे दारूऐवजी प्यायचं पेय म्हणून ते विकत. यॉर्कचे राउनट्री आणि ब्रिस्टलचे फ्रायही त्याच पंथाचे. बोर्नव्हिलमध्ये दारूचा गुत्ता नाही. तात्यांनी ज्या चॉकलेटला आयुष्यभर पोरांचा नाद म्हणून नाकं मुरडली होती, ते त्या संध्याकाळी त्यांनी नातवाकडून मागून घेतलं. माळकऱ्यानं दारूबंदीवाल्याचा खाऊ खाल्ला, त्यात वावगं काय, असं ते म्हणाले.

मार्माइट मात्र आमच्यातल्या कुणालाच पहिल्या घासाला आवडलं नाही. काळं, चिकट, खारट. बर्टनमध्ये १९०२ पासून बनतं, बिअरच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टपासून. आक्कानं त्याची गोष्ट सांगितली नसती तर आम्ही बाटली फेकून दिली असती. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बाया एका जीवघेण्या रक्तक्षयानं जात होत्या. त्यांचं खाणं निकस होतं. विल्सनी शोधून काढलं, की मार्माइट दिलं तर त्या सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. यीस्टमधला तो घटक पुढं फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज वाशीच्या गरोदर बाईला दवाखान्यात लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मिळतात, त्याची सुरुवात मुंबईच्या गिरणगावात आणि ह्या काळ्या बाटलीत आहे. हे कळल्यावर आम्ही मार्माइटला पुन्हा संधी दिली. गरम टोस्टला भरपूर लोणी आणि वर नखाएवढं मार्माइट. बापूला तर आता त्यावाचून न्याहारी होत नाही.

बापूनं लंडनमध्ये एक घर दाखवलं. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या काळात तिथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहारीवर दिवस काढायचा, आणि रात्री अभ्यासात भूक अनावर झाली की बॉव्हरिल नावाच्या पेयाचा कप आणि भाजलेले पापड, असं त्यांच्या चरित्रांमध्ये वाचायला मिळतं. त्याआधी १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. धर्म बदलला तरी शाकाहार सोडला नाही आणि त्यापायी टीकाही सोसली. ह्या माणसांना तिकडचं खाणं हा दैनंदिन झगडा होता. आम्ही त्या घरातून बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, आणि बापूनं सगळ्यांना चहा आणि जॅम लावलेले स्कोन खाऊ घातले. खिशात पैसे होते, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचता येत होतं, नको ते नको म्हणता येत होतं. चवीनं खाण्यासाठी एवढं सगळं आधी लागतं. ते आम्हाला मिळालं, कारण आज्जीनं खडी फोडली, आईनं भट्टीपुढं डोळे लाल केले आणि तात्यांनी म्हशी विकून दादाच्या कॉलेजची फी भरली. मी ज्या आनंदानं पार्किन खाते तो आनंद ह्या माणसांनी कमावलेला आहे, आणि म्हणून तो पुरेपूर घ्यायचा, संकोचानं नव्हे, असं मला वाटतं.

आता आमची पोरं तिकडे जन्मलेली. त्यांना ओटकेकही आपला आणि धिरडंही आपलं. एक सुट्टी आली की ती वाशीला येतात, काकांच्या भट्टीवर बसतात, कढईची खरवड खातात. मागच्या खेपेला आक्काच्या लेकीनं काकांच्या खव्यात सुंठ आणि ट्रीकल घालून वड्या केल्या. काकांनी चव घेतली आणि पुढच्या वेळेला सुंठ थोडी कमी घाल म्हणाले. पुढच्या वेळेला, हे ऐकून ती पोर जी उड्या मारायला लागली, ते बघायला हवं होतं.

शेजारच्या आजी गेल्या. त्यांचा पार्किनचा पत्र्याचा डबा त्यांच्या मुलीनं मला दिला. त्यानंतर आम्ही चौघांनी ठरवलं, की हे सगळं एका वहीत उतरवायचं: ओटकेकचं प्रमाण, कण्या घातलेलं रुबार्बचं वरण, बिनअंड्याचं पार्किन, आईचं फजबद्दलचं म्हणणं, काकूचं कस्टर्ड. छापील लेखात परक्या माणसांची नावं घालणं बरं नव्हे म्हणून इथं ती नाहीत. वहीत मात्र एक नियम केला आहे. पदार्थाच्या वर, मापाच्याही आधी, तो ज्यानं शिकवला त्याचं पूर्ण नाव आणि गाव लिहायचं. त्याशिवाय पदार्थ वहीत घ्यायचा नाही.